इंग्लंडमधील ‘लिस्टेड’ जुने घर पाहायचे आहे : कोणते पाहावे आणि त्यात काय पाहावे?

पांढरमाती (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन येथे असतात आणि येत्या मे महिन्यात मी व माझी पत्नी पाच आठवड्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. राजवाडे आणि संग्रहालये जावई दाखवतीलच. माझी इच्छा मात्र एखादे साधे, जुने, जपून ठेवलेले घर शांतपणे पाहण्याची आहे. तिकडे अशा घरांना ‘लिस्टेड’ म्हणतात आणि मालकालासुद्धा त्यांत हवे ते बदल करता येत नाहीत, एवढे मी ऐकून आहे.

या इच्छेमागचे कारण सांगतो. आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. दीड हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि मयाली, वर कवेलू, पुढे ओसरी. तीन वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीची माती झडू लागली म्हणून, घर मजबूत व्हावे या हेतूने, मीच तिला बाहेरून सिमेंटची छपाई करून घेतली. मागच्या पावसाळ्यात तीच भिंत आतून ओल धरून फुगली आणि माजघरातला पोपडा हाताएवढा सुटून खाली आला. धाकट्या भावाचे म्हणणे असे की आता पाडून स्लॅबचे घर बांधावे. मी त्याला दोष देत नाही, कारण उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की दोनशे कवेलू फुटतात आणि हे सगळे निस्तरायला तोच गावात असतो.

लिस्टेड घर म्हणजे नेमके काय, ते कोणालाही आत जाऊन पाहता येते का, क्रॉयडनहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे कोणते आहे, आणि तिथे गेल्यावर माझ्यासारख्याने कशाकडे लक्ष द्यावे, हे जाणकारांनी सांगावे. पत्नीचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार नको.

रेडिंगवासी (मूळ कारंजा लाड)

गुरुजी, नमस्कार. पहिला गैरसमज आधी दूर करतो, कारण आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांचा नेहमी तोच होतो. घर लिस्टेड असणे आणि ते लोकांना पाहण्यासाठी खुले असणे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. इंग्लंडच्या यादीत सुमारे ४ लाख नोंदी आहेत आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी साधी माणसे संसार करीत असतात. कुणाच्या घराचे दार जुने आणि सुंदर आहे म्हणून आपण ते ठोठावू शकत नाही. पाहता येतात ती घरे प्रामुख्याने नॅशनल ट्रस्ट किंवा इंग्लिश हेरिटेज या संस्थांच्या ताब्यातली, अथवा मालकाने स्वतः तिकीट लावून उघडलेली. याला एक चांगला अपवाद म्हणजे दर सप्टेंबरमध्ये होणारे ‘हेरिटेज ओपन डेज’. त्या दिवसांत एरवी बंद असलेल्या कितीतरी इमारती विनामूल्य दाखवतात. तुम्ही मे महिन्यात येत आहात, त्यामुळे तो योग यंदा नाही.

यादीत तीन श्रेणी असतात. पहिली श्रेणी अगदी असाधारण इमारतींची, आणि तिच्यात जेमतेम अडीच टक्के नोंदी आहेत. त्यानंतर ‘दुसरी श्रेणी तारांकित’ आणि मग नुसती दुसरी, जिच्यात दहापैकी नऊ इमारती मोडतात. सन १७०० पूर्वीची जी इमारत मूळ रूपाच्या जवळपास टिकून आहे, ती बहुधा यादीत असतेच, आणि १७०० ते १८५० या काळातल्याही बहुसंख्य असतात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी शहरे उद्ध्वस्त झाली, तेव्हा कोणती इमारत वाचवायची आणि कोणती पाडू द्यायची हे ठरवण्याची वेळ आली; आजच्या यादीचे मूळ १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांत आहे. सध्या लागू असलेला कायदा १९९० चा आहे.

मालकावरची बंधने खरी आहेत. नोंद झाली की घराचे नुसते दर्शनी रूप नव्हे, तर आतले जिने, दारे, चुली, भिंतींवरचे लाकूडकामसुद्धा संरक्षणाखाली येते. परवानगीवाचून त्यात फेरफार केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. दुरुस्तीसाठी सरकार आपोआप पैसे देते असेही नाही. उलट नवे घर बांधताना जो २० टक्के व्हॅट माफ असतो, तो जुन्या घराच्या दुरुस्तीवर भरावा लागतो, आणि इथले मालक याबद्दल पोटतिडकीने तक्रार करतात. तुमच्या भावाची अडचण मी म्हणूनच समजू शकतो. घर जपण्याचा भार इथेही राहणाऱ्याच्याच खांद्यावर असतो. फरक एवढाच की पाडण्यापूर्वी त्याला थांबून कुणापुढे तरी कारणे मांडावी लागतात.

तिकिटांबद्दल सांगायचे तर, तुम्ही चारपाच ठिकाणे पाहणार असाल तर इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा ९ किंवा १६ दिवसांचा पास विचारात घ्या. मात्र तो नॅशनल ट्रस्टच्या घरांना चालत नाही. कोणते घर कोणत्या वारी उघडे आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहावेच, कारण लहान घरे आठवड्यातून मोजकेच दिवस उघडतात.

सेलूची सून (वर्धा जिल्हा)

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचल्याबरोबर मला एकच घर आठवले, ते म्हणजे पूर्व ससेक्समधल्या अल्फ्रिस्टन गावचे क्लर्जी हाउस. दोन वर्षांपूर्वी दिराकडे गेलो असताना मी सासूबाईंना घेऊन ते पाहून आले. तुम्हाला क्रॉयडनहून जायला अवघड नाही. ईस्ट क्रॉयडनवरून लुईसच्या दिशेची गाडी धरायची आणि पुढे बर्विक स्थानकावर उतरायचे; तिथून गाव सुमारे ४ किलोमीटर आहे. काकूंच्या गुडघ्यांचा विचार करता जावयांनी मोटार काढली तर उत्तम.

हे घर सुमारे ६०० वर्षांपूर्वीचे आहे. नॅशनल ट्रस्टची स्थापना १८९५ साली ऑक्टाव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली या तिघांनी केली, आणि त्या संस्थेने विकत घेतलेली अगदी पहिली इमारत म्हणजे हे घर. १८९६ साली त्याची किंमत पडली १० पौंड. घर पडायला आले होते, म्हणूनच ते एवढ्या कमी पैशांत मिळाले. दुरुस्तीचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता आणि तो लोकांकडून गोळा करावा लागला. आज लाखो सभासद आणि शेकडो वास्तू असलेल्या संस्थेने सुरुवात महालापासून केली नाही, गवताने शाकारलेल्या एका मोडक्या घरापासून केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आत शिरताना दार ठेंगणे आहे, मान लववावी लागते. मग एकदम उंच खोली लागते, जिच्यावर माळा नाही. नजर थेट छपराच्या लाकडांपर्यंत जाते. पूर्वी जमिनीच्या मधोमध विस्तव पेटवत आणि धूर वर जाऊन छपरातून वाट काढी. खोलीच्या दोन्ही बाजूंना मात्र दुमजली भाग आहेत. लाकूड ओकचे, आणि लाकडी चौकटीच्या मधल्या भिंती चक्क कुडाच्या! आपल्याकडे तुराट्यांचा किंवा बांबूचा कूड विणून त्यावर शेणमाती लिंपतात, तसाच तिकडे बारीक काठ्यांचा ताटवा विणून त्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा गारा लिंपण्याची पद्धत होती. सासूबाईंनी हे मला आधी सांगितले आणि तिथल्या स्वयंसेविकेने नंतर.

त्यांची नजर मग जमिनीवर गेली. पांढरट, थोडी उंचसखल, जागोजागी गुळगुळीत झालेली जमीन. त्या भागातल्या टेकड्या खडूच्या आहेत. तोच खडू फोडून, धुम्मस करून बसवलेला आणि वरून नासलेल्या दुधाने बंद केलेला, असे त्या बाईंनी सांगितले. मी ते मराठीत सांगितल्यावर सासूबाई हळूच खाली बसल्या, जमिनीला हात न लावता जवळून पाहिले आणि म्हणाल्या, “म्हणजे हे यांचं सारवणच झालं की.” मी ते वाक्य इंग्रजीत केले, तेव्हा त्या स्वयंसेविकेने शेणाचे सारवण कसे करतात, किती दिवसांनी करावे लागते, पायाला ते कसे लागते, हे सगळे सासूबाईंना विचारून घेतले. पुढची वीस मिनिटे मी दोघींच्या मधे दुभाषी होते. सासूबाईंनी हवेतच हात फिरवून सारवणाची अर्धगोल ओळ कशी उठते ते दाखवले, आणि सत्तरीच्या त्या इंग्रज बाईंनी तसाच हात फिरवून पाहिला.

तुळईच्या कोपऱ्यावर ओकच्या पानाचे छोटे कोरीव काम आहे, तेही अवश्य पाहा. ट्रस्टच्या ओकपानाच्या चिन्हाला ते कारण झाले असावे असे मानतात. घर लहान आहे, घाई केली तर अर्ध्या तासात संपते. तुम्ही घाई करू नका. बाजूला बाग आहे, पलीकडे हिरवळ आणि गावचे जुने चर्च, आणि जवळूनच ककमिअर नदी वाहते.

चुनाघाणी (अमरावती)

मी स्थापत्य अभियंता आहे आणि गेली काही वर्षे अचलपूर, मोर्शी भागातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे पाहतो. सेलूच्या वहिनींनी घर सुचवले आहे ते योग्यच आहे. मी तुमच्या चौथ्या प्रश्नाचे, म्हणजे तिथे कशाकडे लक्ष द्यावे याचे उत्तर देतो, आणि ते तुमच्या पश्चिमेच्या भिंतीपासून सुरू करतो.

गुरुजी, मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि दोन्ही अंगांनी ती हवेत सोडून देते. तिचे आरोग्य या देवाणघेवाणीवर अवलंबून असते. सिमेंटच्या छपाईने तुम्ही तिचे एक अंग बंद केले. त्या छपाईला कुठेतरी केसाएवढी भेग पडते, तिच्यातून पावसाचे पाणी आत जाते, पण बाहेर येऊ शकत नाही. मग आतली माती मऊ होते, बुंधा खचतो आणि भिंत फुगते. बाहेरून मात्र सिमेंट धड दिसत असल्यामुळे घरच्यांना शेवटपर्यंत काही कळत नाही. हा तुमचा एकट्याचा दोष नाही. इंग्लंडच्या डेव्हन भागात माती आणि पेंढा तुडवून उभारलेली हजारो घरे आहेत, आणि विसाव्या शतकात तिथेही लोकांनी त्यांना सिमेंट फासले आणि त्यातल्या काहींच्या भिंती कोसळल्या. मातीच्या घराला चांगली टोपी आणि चांगले जोडे हवेत, अशी त्या भागात म्हणच आहे. टोपी म्हणजे पुढे आलेले छप्पर, जोडे म्हणजे दगडी जोते. तुमच्या आजोबांना हे ठाऊक होते. दगडी जोते आणि वळचणीबाहेर काढलेली कवेलूंची ओळ त्यांनी शोभेसाठी केली नव्हती.

त्यामुळे तिथे गेल्यावर भिंती कशाने लिंपल्या आहेत ते पाहा. जुन्या घरांवर जाणकार लोक आज चुन्याचेच काम करतात, कारण चुना ओल बाहेर जाऊ देतो आणि घर थोडे हलले तरी सांभाळून घेतो. लाकडाची दुरुस्ती पाहा. कुजलेल्या खांबाचा पूर्ण खांब न बदलता बुंध्याचा खराब भाग तेवढा कापून तिथे नवा तुकडा सांधलेला दिसेल, आणि तो नवा तुकडा जुना भासावा म्हणून रंगवलेला नसतो. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक सभा स्थापन केली, तिचा आग्रहच असा होता की इमारतीला कल्पनेने ‘मूळ’ रूप देण्याच्या नादात तिचे खरे अंग खरवडू नये. वेळच्या वेळी दुरुस्ती करावी आणि ती दुरुस्ती आहे हे दिसू द्यावे. आपल्याकडे सागवानी खांबाला बुडाशी वाळवी लागली की अख्खा खांब भंगारवाल्याला दिला जातो. त्यातले वरचे आठ फूट बहुधा ठणठणीत असते.

आपल्याकडच्या कायद्याचाही खुलासा करतो, कारण काही जणांना वाटते की शंभर वर्षे झाली म्हणजे घर आपोआप सरकारी संरक्षणाखाली येते. तसे नाही. कर्झनच्या काळचा १९०४ चा कायदा, १९५८ चा केंद्राचा कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा हे सारे स्मारकांसाठी आहेत. किल्ला, लेणे, देऊळ त्यांत सापडते. नागपूर शहराला वारसा इमारतींची स्वतःची यादी आहे, पण तुमच्या गावच्या मातीच्या घरासाठी तशी काही सोय नाही. म्हणजे ते राहील की पडेल, हे केवळ तुम्ही दोघे भाऊ ठरवणार आहात.

आता भिंतीचे. फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे वेळ आहे. मयालींना आधी बल्ल्यांचा टेका द्या. मग सिमेंट वरून खाली, हलक्या हाताने, एका वेळी दोनतीन फुटांचा पट्टा असे काढा; घण मारू नका. भिंत महिनाभर वाळू द्या. बाहेरची जमीन जोत्याच्या वर चढली असेल तर ती खोदून पाण्याला उतार द्या, आणि मेच्या मध्यापर्यंत माती, भुसा व शेणाचे लिंपण पूर्ण करून त्यावर चुना द्या. हे एवढ्या वेळात होणार नसेल तर आत्ता नुसता टेका देऊन ठेवा आणि काम दिवाळीनंतर काढा. उघडी मातीची भिंत पावसात सोडून तुम्ही विमानात बसू नका, एवढे मात्र आवर्जून सांगतो. मार्चमध्ये माझे दारव्ह्याकडे येणे आहे. निरोप पाठवा, मी भिंत पाहून जाईन.

काळी कसदार (अकोट, अकोला)

आम्ही कापूस पिकवणारी माणसे, म्हणून माझी सूचना थोडी वेगळी आहे. उत्तरेकडे मँचेस्टरला जाणे होणार असेल तर तिथून जवळच स्टायल गावात क्वारी बँक नावाची सूतगिरणी आहे. ती सॅम्युएल ग्रेग यांनी १७८४ साली उभारली आणि १९३९ पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे. गिरणी पाहाच, पण शेजारचे शिकाऊ मुलांचे घर अधिक लक्ष देऊन पाहा. अनाथ आणि गरीब मुले तिथे ठेवत आणि गिरणीत राबवत. ग्रेग कुटुंबाचे डोमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे मळेही होते आणि ट्रस्ट आता ते लपवत नाही. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा त्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. चातीवर पिळला जाणारा पेळू तिथे पाहताना मला आमच्या जिनिंगमधला सरकीचा वास आठवला.

उमरेडकर (नागपूर जिल्हा)

लंडनमध्ये असताना १०, किंग हेन्रीज रोड हे घर चुकवू नका, अशी नम्र विनंती आहे. १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. निवासी घराचे स्मारक करण्यास स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली होती. चौकशी झाली आणि अखेर २०२० साली ती तिथल्या सरकारकडून मिळाली. मोठी वास्तू नाही, रस्त्याकडेचे साधे घर आहे, आणि मला वाटते की गुरुजींना असेच काही पाहायचे आहे.

पांढरमाती

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री चुनाघाणी यांचे उत्तर धाकट्या भावाला मोठ्याने वाचून दाखवले. त्याने मधे काही विचारले नाही, पण सकाळी उठून पाहिले तर तो पश्चिमेच्या भिंतीपाशी उकिडवा बसून सिमेंटच्या कडेत खिळा घालून पाहत होता. बोटभर खोल माती ओली निघाली, फेब्रुवारीत! वर्षभर ती ओल तिथेच कोंडून राहिली होती. पाडण्याचा विषय त्याने सोडलेला नाही, मात्र अभियंता साहेब येऊन पाहीपर्यंत थांबायला तो तयार आहे. साहेब, मार्चमध्ये जरूर या, मुक्काम आमच्याकडेच करा.

अल्फ्रिस्टन आणि बाबासाहेबांचे घर ही दोन ठिकाणे नक्की केली आहेत. पत्नीने सेलूच्या ताईंना एक विचारायला सांगितले आहे, की अशा घरांत मधे बसायला मिळते का, आणि तिथल्या खुर्चीवर बसलेले चालते का?

सेलूची सून

काकूंना सांगा की ट्रस्टच्या घरांत ज्या जुन्या खुर्चीवर बसायचे नसते, तिच्यावर पुष्कळदा पाइनचे वाळलेले बोंड किंवा काटेरी फूल ठेवलेले असते. पाटी न लावता नकार देण्याची त्यांची ती रीत आहे. बोंड नसले तरी खोलीतल्या स्वयंसेवकाला विचारूनच बसावे. गुडघ्यांचे कारण सांगितले की ते बसण्याची सोय दाखवतात. पाठीवरची पिशवी मोठी असेल तर ती बाहेर ठेवायला किंवा पोटाशी धरायला सांगतात, आणि आत थोडा अंधार वाटला तर चष्मा बदलायची गरज नाही, जुने कापड आणि लाकूड उन्हाने विटू नये म्हणून पडदे अर्धे ओढलेले असतात. सपाट तळाची चप्पल घाला. आणि गुरुजी, तुमच्या माजघराचा एखादा फोटो मोबाईलमध्ये ठेवून जा. तिथल्या बाई तो नक्की पाहायला मागतील.